लांबलचक फ्रेंच शब्द: तोडायचे कुठे आणि म्हणायचे कसे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली बरीचशी पत्रं फ्रेंच उच्चारांबद्दल आहेत. अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं, परीक्षेची तयारी करणारी नर्सिंगची विद्यार्थिनी, द्राक्षबागायतदार, शिक्षक, मुद्रितशोधक अशा सगळ्यांचे प्रश्न शेवटी एकाच गाठीशी येऊन थांबतात: शब्द लांब दिसला की त्याचे तुकडे, म्हणजे सिलेबल, कुठे पाडायचे. म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे.

फ्रेंच शब्द आम्ही देवनागरीतच छापतो, तेव्हा तीन खुणा आधी ध्यानात घ्या. चंद्रबिंदू म्हणजे नाकातून निघणारा स्वर. त्याच्यामागे ‘न’ किंवा ‘म’ उच्चारायचा नाही. अक्षराखालचं टिंब म्हणजे मराठीत नसलेला आवाज: ‘ऊ़’साठी ओठ ‘ऊ’सारखे गोल आणि आत जीभ ‘ई’च्या जागी, ‘ओ़’साठी ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची, ‘झ़’ म्हणजे ‘श’ म्हणता म्हणता गळ्यातून घोष आणायचा, ‘ज़’ हा ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा, पण त्याच्या सुरुवातीचा हलका ‘द’ वगळून. आडवी रेघ म्हणजे तुकडा तिथे तुटला.

प्रश्न: अकरावीला फ्रेंच घेतलं आहे. छोटे शब्द जमतात, पण पाच-सहा सिलेबलचा शब्द आला की मी मध्येच अडखळते. पंचवीस अक्षरांचा तो प्रसिद्ध शब्द तर मला अर्धाही म्हणता येत नाही. कुठून तोडायचा? (विद्यार्थिनी, कराड)

फ्रेंच तुकड्याचा ओढा स्वरावर संपण्याकडे असतो. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते मागे थांबत नाही, पुढच्या स्वराकडे जातं. ‘प्राणी’ या अर्थाचा शब्द आ-नी-माल असा तुटतो; इंग्रजीच्या सवयीने आपण ‘ॲन्-इ-मल’ करतो आणि तिथेच अडकतो.

दोन व्यंजनं लागोपाठ आली की एक मागे, एक पुढे: पार्-तीर (निघणं), मेर्-सी (आभार). पण दुसरं व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यांपैकी असेल, तर दोघं हातात हात घालून पुढे जातात: ता-ब्लो (चित्र), ए-क्राँ (पडदा). ‘त्ल’ आणि ‘द्ल’ मात्र फुटतात, म्हणून आत्-लास. ‘सी-एच’, ‘पी-एच’, ‘टी-एच’, ‘जी-एन’ या जोड्या लिहिताना दोन अक्षरांच्या असल्या तरी प्रत्येकीचा आवाज एकच आहे (अनुक्रमे श, फ, त, न्य), तेव्हा त्या कधी तोडायच्या नाहीत.

मराठी माणसाचा गोंधळ इथे जोडाक्षरामुळे होतो. ‘पुस्तक’ आपण लिहितो पु-स्त-क, पण म्हणतो पुस्-तक. पार्तीर देवनागरीत लिहिला की ‘र्ती’ एकत्र दिसतो आणि वाचताना ‘पा’वर थांबायचा मोह होतो. म्हणून तुकडे डोळ्यांनी पाडू नका, कानाने पाडा. दुसरी सवय द्वित्ताची. ‘सल्ला’, ‘पक्का’ म्हणताना आपण व्यंजनावर जोर देऊन थांबतो. फ्रेंचमध्ये दोन ‘एल’ लिहिलेले असले तरी बहुतेक वेळा एकच ऐकू येतो: चेंडू म्हणजे बा-लोँ, ‘बाल्-लोँ’ नव्हे.

आता तो पंचवीस अक्षरांचा शब्द. अर्थ ‘घटनेच्या विरोधात जाणाऱ्या रीतीने’. त्याचं स्पेलिंग बोलण्याच्या तुकड्यांप्रमाणे मांडलं तर असं दिसतं: ए-एन, टी-आय, सी-ओ-एन-एस, टी-आय, टी-यू, टी-आय-ओ, एन-एन-ई-एल-एल-ई, एम-ई-एन-टी. उच्चार: आँ-ती-कोँस्-ती-तू़-स्यो-नेल्-माँ. आठ तुकडे.

तो बिघडतो कुठे ते पाहा. सर्वांत घसरडा सहावा तुकडा. ‘राज्यघटना’ या अर्थाचा मूळ शब्द स्योँ असा नाकात संपतो, त्यामुळे इथेही तोंडातून ‘स्योँ’ निघतो. पण इथे ‘एन’ दोनदा आला आहे आणि त्याच्यापुढे स्वर आहे, म्हणून नाक बंद: साधा ‘स्यो’, आणि ‘न’ पुढच्या तुकड्याचा. सातव्या तुकड्यातला शेवटचा ‘ई’ (म्हणजे रोमन अक्षर, मराठी ‘ई’चा आवाज नव्हे) मुका आहे. तो म्हटला तर ‘ने-ल-माँ’ होऊन नऊ तुकडे होतात. पाचव्यात ‘त्यू’ म्हणू नका, त्यात ‘य’ नाही. आणि शेवटच्या ‘माँ’नंतर ‘न’ किंवा ‘त’ ऐकू आला तर सगळी मेहनत वाया.

सराव शेवटाकडून करा. आधी नुसतं माँ. मग नेल्-माँ. मग स्यो-नेल्-माँ, तू़-स्यो-नेल्-माँ, असं एकेक तुकडा पुढे जोडत जा. प्रत्येक पायरी तीनदा, आणि चुकली तर एक पायरी मागे. समोरून सुरुवात केली की पहिले चार तुकडे झकास येतात आणि नेमका शेवट गडबडीत चिरडला जातो. फ्रेंचमध्ये वजन शेवटच्या तुकड्यावर असतं, म्हणून शेवट आधी पक्का व्हायला हवा.

पुढचा सरावाचा शब्द ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ या अर्थाचा घ्या: एँ-तेर्-ना-स्यो-ना-ली-ज़ा-स्योँ. यातही आठच तुकडे आहेत, पण मधला ‘स्यो’ उघडा आणि शेवटचा ‘स्योँ’ नाकातला, दोन्ही एकाच शब्दात शेजारी ठेवून तपासता येतात. जाता जाता एक अपवाद: ‘टी-आय-ओ-एन’च्या आधी ‘एस’ असेल तर ‘त’ टिकतो. प्रश्न म्हणजे केस्-त्योँ.

प्रश्न: नर्सिंग करते आणि फ्रेंचच्या तोंडी परीक्षेची तयारी करते आहे. डॉक्टरला ‘मे-द-सेँ’ न म्हणता ‘मेद्-सेँ’ म्हणतात, मग घराला ‘आपार्त्माँ’ का नाही, ‘आ-पार्-त-माँ’ का? मधला ‘ई’ कधी म्हणायचा, कधी गिळायचा? (मिरज)

प्रश्न फार नेमका विचारला आहे, कारण लांब शब्दांची लांबी याच ‘ई’वर ठरते. आपण ‘सातारकर’ लिहितो आणि ‘सातार्कर’ म्हणतो. मधला ‘अ’ गिळतो. फ्रेंचही हेच करतं, पण मोजून. भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामोँ यांनी मांडलेला ‘तीन व्यंजनांचा नियम’ असा: ‘ई’ गिळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर तो ठेवा, नाहीतर सोडा.

‘मेद्-सेँ’मध्ये ‘ई’ गेल्यावर द आणि स, दोनच भिडतात, म्हणून गेला. शनिवार साम्-दी, तोच न्याय. शुक्रवारी मात्र द, र आणि पुन्हा द असे तीन भिडतील, म्हणून वाँ-द्र-दी. तुमच्या घरात र, त, म, म्हणून आ-पार्-त-माँ. सरकार म्हणजे गू-वेर्-न-माँ, तेही तसंच. झटपट ओळखायचं तर ‘ई’च्या आधी ऐकू येणारी व्यंजनं मोजा: एक असेल तर ‘ई’ जातो, दोन असतील तर राहतो. इथे ऐकू येणारी हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘विकास’ या अर्थाच्या शब्दात ‘पी’ दोन लिहितात, पण आवाज एकच, म्हणून लिहिताना पाच तुकडे आणि बोलताना तीन: देव्-लोप्-माँ. बेकरी म्हणजे बू-लाँझ़्-री.

शब्दाच्या पहिल्याच तुकड्यात हा ‘ई’ असेल, उदाहरणार्थ द-मेँ (उद्या), तर परीक्षेत तो म्हणा. तोंडी परीक्षेत स्पष्टता कधी वाया जात नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेय-तुलूझकडे, हे ‘ई’ पुष्कळ जास्त ऐकू येतात, त्यामुळे ध्वनिफितीत एखाद्याने ‘मे-द-सेँ’ म्हटलं तर गांगरू नका. छंदोबद्ध कवितेतही व्यंजनाच्या आधीचा ‘ई’ मोजला जातो. बारा तुकड्यांची फ्रेंच ओळ, जिला आलेक्साँद्रेँ म्हणतात, रोजच्या बोलीप्रमाणे वाचली तर दहा-अकरातच संपू शकते.

तुमच्या कामाचे काही शब्द: एँ-फीर्-म्येर (नर्स), ओर्-दो-नाँस (डॉक्टरची चिठ्ठी), मे-दी-का-माँ (औषध), आ-नेस्-ते-ज़ीस्त (भूलतज्ज्ञ, इथे ‘आ’ नाकात नाही, कारण ‘न’ पुढच्या स्वराकडे गेला). कान-नाक-घसा तज्ज्ञाचा शब्द भीतीदायक दिसतो: ओ-तो-री-नो-ला-रेँ-गो-लो-झ़ीस्त, नऊ तुकडे. दवाखान्यात त्याला सरळ आद्याक्षरांनी ओ-एर्-एल म्हणतात, तेवढं तुम्हीही म्हणा. पण लांब रूप एकदा शेवटाकडून बसवून घ्या. ‘रेँ’ सोडला तर शेवटच्या तुकड्याआधीचे सगळे तुकडे उघड्या तोंडाचे आहेत, आणि तोच ‘रेँ’ लोक ‘रिन्’ करतात.

प्रश्न: वाईनच्या द्राक्षांच्या जातींची नावं प्रत्येक जण वेगळी घेतो. फ्रेंच खरेदीदारासमोर काय म्हणावं? (द्राक्षबागायतदार, तासगाव)

शार्-दो-ने. सो-वी-न्योँ ब्लाँ. का-बेर्-ने सो-वी-न्योँ. श-नेँ ब्लाँ. मेर्-लो. पी-नो न्वार. सी-रा. व्यो-न्ये. ‘जी-एन’ दिसलं की ‘ग्न’ नाही, ‘न्य’. ‘ओ-आय’ दिसलं की ‘वा’. शेवटचा ‘टी’ आणि ‘एस’ बहुतेक मुका असतो. सी, आर, एफ, एल शेवटी आले तर पुष्कळदा ऐकू येतात, पण ‘ब्लाँ’मधला ‘सी’ त्यालाही अपवाद आहे. एवढी आठ नावं पाठच केलेली बरी, नियम लावत बसू नका. आणि तासगावचा बेदाणा दाखवायचा असेल तर ‘रेज़ेँ सेक’ म्हणा; नुसतं ‘रेज़ेँ’ म्हटलं की समोरचा ताजी द्राक्षं समजतो.

प्रश्न: ‘एन’ किंवा ‘एम’ आला की स्वर नाकातून म्हणायचा असं शिकवलं. पण मग ‘आनीमाल’मध्ये का नाही? (इयत्ता नववी, पाचगणी)

तुझ्या गावाचंच नाव घेऊ या. इंग्रजी स्पेलिंगमधलं ‘पाचगणी’ फ्रेंच माणूस वाचेल तेव्हा पहिल्या ‘ए-एन’च्या पुढे व्यंजन आहे, म्हणून तो ‘पाँ’ म्हणेल, आणि ‘सी-एच’चा ‘श’ करेल. दुसऱ्या ‘ए-एन’च्या पुढे ‘आय’, म्हणजे स्वर आहे. तिथे ‘एन’ स्वराकडे पळतो आणि ‘गा’ मोकळा राहतो. झालं पाँश्-गा-नी. एकाच शब्दात दोन्ही बाजू.

म्हणजे ‘एन’ किंवा ‘एम’च्या पुढे व्यंजन असेल, किंवा शब्दच संपला असेल, तर स्वर नाकात. पुढे स्वर असेल, किंवा तेच अक्षर दोनदा आलं असेल, तर नाही. ‘चांगला’ बोँ, ‘चांगली’ बॉन. ‘महत्त्वाचा’ एँ-पोर्-ताँ, पण ‘अचल’ ई-मो-बील. ‘अनपेक्षित’ ई-ना-ताँ-दू़, यात पहिला ‘एन’ पळाला आणि दुसरा स्वराला नाकात घेऊन बसला. ‘अमानुष’ ई-नू़-मेँ, कारण मधला ‘एच’ मुका आहे आणि मुक्या अक्षराने ‘एन’ला पुढच्या स्वराकडे जाण्यापासून अडवता येत नाही. तीन हट्टी अपवाद पाठ कर: आँ-न्वी (कंटाळा), आँम्-ने (बरोबर घेऊन जाणं), आँ-नी-व्रे (धुंद करणं). नियमाप्रमाणे यांत नाक नको, तरी आहे.

आता आवाज काढायचा कसा. मराठी अनुस्वार पुढच्या व्यंजनाकडे बघून बदलतो: ‘अंत’मध्ये ‘न्’ होतो, ‘आंबा’मध्ये ‘म्’. फ्रेंच नाकातला स्वर कशाचीच वाट पाहत नाही. जीभ टाळूला लागत नाही, ओठ मिटत नाहीत. हिंदी ‘हाँ’ म्हण आणि दोन सेकंद तसाच थांब. आरशात ओठ उघडे दिसले पाहिजेत आणि जिभेचं टोक खालच्या दातांमागे निवांत असलं पाहिजे. मग एँ, थांब, पोर्, थांब, ताँ. थांबा हळूहळू कमी करत आण. ओठ ‘पो’साठी लवकर मिटले की ‘एम्पोर्ताँ’ होतं. सगळ्यांचं पहिल्यांदा तिथेच बिघडतं, म्हणून त्याच जागी जास्त वेळ दे.

एँ म्हणताना तोंड ‘ए’पेक्षा थोडं जास्त, ‘ॲ’च्या दिशेने उघड. शेवटच्या ‘ई-एन’चा आवाज बहुधा ‘आँ’ नसून हाच असतो: ब्येँ (बरं), एग्-ज़ा-मेँ (परीक्षा).

प्रश्न: ‘ई-एन-टी’ शेवटी आलं की कधी ‘आँ’ ऐकू येतं, कधी काहीच नाही. (फलटण)

शब्द क्रियापद आहे का ते पाहा. ‘ते बोलतात’मध्ये शेवटचे ‘ई-एन-टी’ पूर्ण मुके आहेत: पार्ल, म्हणजे ‘तो बोलतो’सारखंच. नाम, विशेषण, क्रियाविशेषण असेल तर आँ. एकाच स्पेलिंगचे दोन शब्दही असतात: कूवाँ म्हणजे मठ, आणि तेच स्पेलिंग क्रियापद म्हणून आलं की नुसतं कूव, ‘उबवतात’. ‘मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात’ या अर्थाचं फ्रेंच वाक्य त्यामुळे वर्गात आवर्जून देतात. त्यात हे दोन्ही शब्द पाठोपाठ येतात.

यातच आणखी एक सापळा. शेवटी ‘ई-एम-एम-ई-एन-टी’ असेल तर पहिला ‘ई’ सरळ ‘आ’ होतो. ‘अर्थातच’ म्हणजे ए-वी-दा-माँ, ‘वारंवार’ म्हणजे फ्रे-का-माँ. स्पेलिंग पाहून हे कुणालाही सुचणार नाही. ते ऐकूनच बसवावं लागतं.

प्रश्न: फ्रेंच मजकूर असलेल्या पुस्तिकेची प्रुफं पाहतो आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना उच्चाराचे तुकडे चालतील का? (मुद्रितशोधक, वाई)

पूर्ण चालणार नाहीत, आणि हा फरक तुम्ही आधीच विचारलात ते फार बरं केलंत. छापील तोड स्पेलिंगकडे पाहते. बा-लोँ बोलताना ‘ल’ एकच असला तरी छापताना दोन ‘एल’च्या मध्ये तोडतात. मुका ‘ई’ बोलताना गेला तरी छपाईत तो तुकडा धरतात. पण नवी ओळ नुसत्या दोन अक्षरी मुक्या तुकड्याने सुरू करत नाहीत. निदान तीन अक्षरं खाली जावीत. एकटं अक्षर ओळीच्या शेवटी सोडत नाहीत, म्हणून ‘वीज’ या अर्थाच्या ए-लेक्-त्री-सी-तेमध्ये पहिल्या ‘ए’नंतर तोड नको. दोन स्वरांच्या मध्ये तोड नको, लुप्तचिन्हानंतर (ॲपॉस्ट्रॉफीनंतर) नको, आणि ‘एक्स’ किंवा ‘वाय’ दोन स्वरांच्या मध्ये असेल तर त्याच्या अलीकडे-पलीकडेही नको. ‘एग्ज़ामेँ’ तोडायचाच झाला तर ‘मेँ’च्या आधी. शब्दात मूळचीच जोडरेघ असेल तर तिथेच तोडा, दुसरी रेघ घालू नका.

पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा ‘फ्रेंच’ निवडली आहे का, हे सर्वांत आधी तपासा. इंग्रजी राहिली तर ते इंग्रजीच्या नियमाने तोडतं आणि ‘जी-एन’सारख्या जोड्याही फोडून ठेवतं. प्रुफात एक-एक तोड दुरुस्त करण्यात मग दिवस जातो. फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी न तुटणारी मोकळी जागा असते. ती चूक समजून काढून टाकू नका.

प्रश्न: फोन नंबर सांगताना सत्तरच्या पुढे गाडी अडते. (इस्लामपूर)

फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. आपला मोबाईल नंबरही दहा आकडी, तेव्हा तसाच पाडा. 60 स्वा-साँत (यात ‘एक्स’चा ‘स’ होतो). 70 म्हणजे साठ-दहा: स्वा-साँत्-दीस. 71 स्वा-साँ-ते-ओँज़. 80 म्हणजे चार-वीस: का-त्र-वेँ. 97 का-त्र-वेँ-दी-सेत, 99 का-त्र-वेँ-दीज़्-नो़फ. वीसच्या शेवटचा ‘टी’ 22 मध्ये ऐकू येतो, वेँत्-दो़; पण 82 मध्ये नाही, का-त्र-वेँ-दो़. 81 मध्येही नाही, पुढे स्वर असूनसुद्धा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 ला सेप्-ताँत आणि 90 ला नो-नाँत म्हणतात. ते ऐकलंत तर ओळखा. पण ज्या परीक्षेची तयारी फ्रान्सच्या पुस्तकावरून चालली आहे तिथे दोन्ही पद्धती मिसळू नका.

प्रश्न: मुलं फ्रेंच धडा इंग्रजीच्या चालीवर वाचतात. शब्द कळतात, पण ऐकायला फ्रेंच वाटत नाही. वर्गात रोज दहा मिनिटं देता येतील. काय करून घ्यावं? (शिक्षिका, सातारा)

पहिली गोष्ट ट-ड बंद. फ्रेंच ‘टी’ आणि ‘डी’ दातांना जीभ लावून निघतात, म्हणजे आपले घरचे त आणि द. प, त, क यांच्यामागे इंग्रजीत जी हवा सुटते तीही फ्रेंचमध्ये नाही. इंग्रज विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने घोटावं लागतं ते मराठी मुलाला जन्मापासून येतं, फक्त रोमन लिपी दिसली की ते इंग्रजीच्या वळणावर जातं. फळ्यावर शब्द देवनागरी तुकड्यांत लिहून आधी वाचून घ्या आणि मूळ स्पेलिंग नंतर दाखवा. हा क्रम महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट, टाळ्या. प्रत्येक तुकड्याला एक टाळी, सगळ्या सारख्या अंतराने, फक्त शेवटची किंचित लांब. इंग्रजीत एक तुकडा ठळक आणि बाकीचे पुसट होतात. फ्रेंचमध्ये सगळ्या स्वरांना त्यांचा पूर्ण हक्क मिळतो. आणि हे वजन शब्दाच्या नव्हे, वाक्यखंडाच्या शेवटी पडतं. ‘तो साताऱ्यात राहतो’ हे वाक्य घ्या: ई-ला-बी-ता-सा-ता-रा. सात टाळ्या. मूळ शब्द चार आहेत, पण ‘तो’चा ‘ल’ पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन मिळाला, आणि ‘राहतो’चा शेवटचा ‘त’ त्याच्या पुढच्या शब्दाला. शब्दांच्या सीमा ऐकू येतच नाहीत. म्हणूनच मुलांना ओळखीचे शब्दही ध्वनिफितीत सापडत नाहीत. सांगली घातली तर ई-ला-बी-ता-साँ-ग्ली, सहा टाळ्या. ‘ग’ आणि ‘ल’ फुटले नाहीत आणि ‘साँ’ नाकात गेला, म्हणजे वरचे दोन्ही नियम एका गावात आले. कराड फ्रेंच नियमाने वाचला तर शेवटचा ‘डी’ मुका होऊन ‘का-रा’ होतं, मिरजेचा ‘मी-राझ़’. जिल्ह्याच्या नकाशावरची गावं मुलांना अशी वाचायला द्या, नियम पटापट बसतात. मात्र परीक्षेत स्वतःच्या गावाचं नाव आपल्याच उच्चाराने घ्यायचं आणि मग फ्रेंच अक्षरनावांनी स्पेलिंग सांगायचं, एवढं बजावून ठेवा. देल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीवर, म्हणजे ए-1 ला, नावाचं स्पेलिंग विचारलं जाऊ शकतं.

‘र’चा ध्यास पहिल्या सहामाहीत धरू नका. तो जिभेच्या टोकाने निघत नाही. ‘ग’ म्हणताना जीभ जिथे टेकते त्याच्या जरा मागे, न टेकवता हवा घासत जाऊ द्यायची. पण मराठी ‘र’ आला तरी समोरच्याला शब्द कळतो. ‘ऊ़’चा ‘ऊ’ झाला तर मात्र शब्दच बदलतो: तू़ म्हणजे ‘तू’, आणि तू म्हणजे ‘सगळा’. म्हणून दहा मिनिटांतली तीन मिनिटं ‘ई’ आणि ‘ऊ़’ या आवाजांच्या जोड्यांना द्या. लांब ‘ई’ म्हणता म्हणता जीभ न हलवता ओठ गोल करायचे. जीभ मागे सरकली की ‘ऊ’ होतो. एकमेकांसमोर बसवलं तर मुलं ओठ पाहून एकमेकांना पकडतात. पुढची चार मिनिटं टाळ्यांवर एक लांब शब्द आणि एक वाक्य, शेवटाकडून बांधत. उरलेल्या तीन मिनिटांत दोन मुलांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करून लगेच मूळ ध्वनिफितीशेजारी ऐकवा, आणि दर वेळी एकच चूक सांगा.